जुनं सागवान भंगारात देऊ नका

संपादक साहेब, सा. न. वि. वि.

दिवाळीच्या आवराआवरीचे लेख सगळ्याच पेपरांच्या पुरवण्यांमधे येतात आणि त्यात "वर्षभर हात लावला नाही ती वस्तू काढून टाका" हा सल्ला ठरलेला असतो. कपडे, प्लॅस्टिकचे डबे, जुनी मासिकं यांना तो बरोबरच आहे, पण लाकडी सामानाला तो लावू नका अशी कळकळीची विनंती करायला हे पत्र लिहितेय. आमच्या डोंबिवलीत, ठाण्यात, गिरगाव-दादर-पार्ल्याला, पुण्यात कोथरूडला, जिथे बघावं तिथे जुन्या बिल्डिंगी रिडेव्हलपमेंटला चालल्यात. बिल्डर रिकामं करायची तारीख देतो, भाड्याचं घर लहान मिळतं, आणि मग टेम्पो यायच्या आदल्या दिवशी आजेसासऱ्यांच्या वेळचं सागवानी कपाट, वेताच्या खुर्च्या, आरामखुर्ची असं सगळं भंगारवाल्याला मिळेल त्या भावात देऊन टाकतात नाहीतर गेटपाशी ठेवून देतात. माझ्या डोळ्यांदेखत असे किती पलंग गेलेत, खूप वाईट वाटतं.

2023 मधे अयोध्येच्या मंदिरासाठी आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचं सागवान पाठवलं तेव्हा बल्लारपुरात केवढी मिरवणूक निघाली होती, आपल्या सगळ्यांना किती अभिमान वाटला होता. त्याच झाडाचं लाकूड आपल्या घरात खुर्ची म्हणून पन्नास-साठ वर्षं उभं आहे हे मात्र आपण विसरतो. आणि पूर्वी जे बर्मा टीक (ब्रह्मदेशाचं, म्हणजे आताच्या म्यानमारचं सागवान) यायचं तसं आता सहजासहजी मिळत नाही, म्यानमारने एप्रिल 2014 पासून ओंडके बाहेर पाठवणंच बंद केलंय. आपण जे टाकतो तेच मुंबईत चोरबाजारात मटन स्ट्रीटला किंवा जोगेश्वरीला ओशिवराच्या फर्निचर मार्केटमधे पॉलिश होऊन कितीतरी पट किमतीला उभं असतं, आणि आपण त्या पैशात आणतो काय तर पार्टिकल बोर्डचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं) कपाट, ज्याला एकदा पाणी लागलं की तळ फुगून बिजागरीचे स्क्रू गळून पडतात.

लोक म्हणतात दुरुस्ती कोण करणार, सुतार मिळत नाही. सुतार मिळत नाही हे खरं आहे, पण निम्मं काम घरी होतं, आणि हे मी स्वतः करते म्हणून सांगतेय.

आधी किडीचं बघा. जुन्या फर्निचरखाली बारीक पीठ पडलेलं दिसलं की लोक घाबरून ते टाकूनच देतात. सागाच्या गाभ्यात तेलकटपणा असतो म्हणून त्याला कीड सहसा लागत नाही, लागते ती कडेच्या पांढुरक्या लाकडाला किंवा पाठीमागे मारलेल्या हलक्या फळीला. टोच्या घेऊन टोचून बघा, आत भसकन गेला तर तो भाग गेलाय, नाही गेला तर वस्तू ठणठणीत आहे. फळी बदला, औषध मारा, काम झालं.

मग खुर्ची डुगडुगते ते. इथे सगळे एकच करतात, खिळा ठोकतात, आणि तेवढं मात्र अजिबात करू नका. खिळ्याने लाकूड चिरतं, गंजून काळा डाग पडतो आणि पुढच्या माणसाला तो सांधा नीट उघडताही येत नाही. जुन्या खुर्च्यांना पूर्वी सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा गोंद, लावायचे (फेविकॉल आलं 1959 मधे आणि घरोघरच्या सुतारांच्या हातात त्यानंतर), आणि सरसाची गंमत अशी की तो कोमट पाण्याने सुटतो. सांध्यावर गरम पाण्यात पिळलेलं फडकं थोडा वेळ धरायचं, लाकडाचा ठोकळा मधे ठेवून हलकेच ठोकायचं, सांधा मोकळा होतो. कुठला पाय कुठला ते आधी पेन्सिलने लिहून ठेवा कारण हाताने केलेल्या खुर्चीचे चारही पाय एकमेकांच्या जागी बसत नाहीत. जुना सरस पूर्ण खरवडून काढायचा, सागाला तेल असतं म्हणून थिनरने एकदा पुसायचं, मग नवा गोंद. क्लॅम्प नसेल तर सायकलची जुनी ट्यूब चारही पायांना खेचून गुंडाळा, ती सगळीकडून सारखी आवळते. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा, नाहीतर तेवढ्या जागी पॉलिश धरत नाही आणि फिकट ठिपका कायमचा राहतो. दुसऱ्या दिवसापर्यंत बसायचं नाही, मुलांना तसं बजावून ठेवा.

बैठक बदलणं तर त्याहून सोपं. डायनिंगची खुर्ची उलटी केली की खाली चार स्क्रू दिसतात, ते काढले की बैठक अख्खी हातात येते. चुका (बारीक खिळे) किंवा स्टेपल पक्कडीने एकेक उपटायचे. आत काथ्या निघतो, चपटा झालेला कापूस निघतो, भरपूर धूळ निघते, त्यामुळे नाकाला रुमाल बांधून गॅलरीत बसा. जुनं कापड टाकू नका, नवं कापायला तोच माप. फोम घेताना दुकानदाराला 40 डेन्सिटीचा द्या असं स्पष्ट सांगा, हलका घेतला तर लवकर खड्डा पडतो, आणि फळीपेक्षा चहूबाजूंनी थोडा मोठा कापा म्हणजे कडा टोचत नाहीत. कापड ताणताना सुरुवात कोपऱ्यापासून करायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. चारही बाजूंच्या मधोमध एकेक चूक मारायची, कापडाचे उभे-आडवे धागे सरळ आहेत ना ते बघायचं, मग मधून कोपऱ्याकडे समोरासमोर जायचं आणि कोपरे सगळ्यात शेवटी, निऱ्या घालून. आमच्याकडे मुलीच्या परीक्षेनंतर आम्ही दोघींनी मिळून खुर्च्यांचा अख्खा सेट केला, तिला आता मैत्रिणींकडून बोलावणी येतात. आरामखुर्चीला तर चुकाही नकोत, जाड कॅनव्हासच्या पट्ट्याला दोन्ही टोकांना नेफा शिवायचा आणि दांड्या ओवायच्या, घरच्या शिलाई मशीनवर जाड सुई लावली की होतं.

वेताचं मात्र शिकायला वेळ लागतो. उभे, आडवे आणि मग दोन तिरपे असे थर एकातून एक काढत न्यायचे असतात, पट्ट्या पाण्यात भिजवून घेतलेल्या असल्या तर वाळल्यावर बैठक ताशासारखी घट्ट बसते. हे काम आपल्याकडे कित्येक वर्षं अंध व्यक्तींना शिकवलं जातं, सरकारी ऑफिसांच्या बऱ्याच खुर्च्या त्यांनी विणल्यात, आणि फार सुबक विणतात. प्लॅस्टिकची पट्टी लावून घेण्याआधी तुमच्या शहरात अशी संस्था आहे का ते बघा. अस्सल वेत जपायचा तर अधूनमधून खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवायचं, कोरडा पडला की तो तुटतो.

आता पॉलिश. कुणी येऊन सगळं घासून मेलामाइन (सिंथेटिक पॉलिश) मारूया म्हणाला तर थांबा. आधी न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा धरून बघा, चिकट झालं तर ते लाखेचं पॉलिश आहे. मग काही घासून काढायची गरजच नसते, नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो आणि गरम कपाचे पांढरे गोल डागही बरेचदा तेवढ्याने जातात. लिटरभर स्पिरिटला दीडशे-दोनशे ग्रॅम चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे) रात्रभर भिजवायचा, बाटली काचेची घ्या, लोखंडी डब्यात रंग काळा पडतो. कापसाच्या बोळ्याला सुती कापड गुंडाळून पातळ पातळ हात द्यायचे, एका जागी थांबायचं नाही. पावसाळ्यात करू नका, हवेतल्या ओलीने पॉलिश दुधाळ होतं, ऑक्टोबरचं ऊन यासाठी उत्तम. आणि स्पिरिट पेट घेतं हो, त्या खोलीत देवापुढचा दिवासुद्धा नको.

एक धोक्याची गोष्ट पण छापाच. जुन्या पेट्या, पाळणे, कपाटं ज्यांना हिरवा-निळा ऑइलपेंट आहे त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भागांच्या) वर नको हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगांचा काही भरवसा नाही. असा रंग कोरडा घासू नका, पाणी मारून वॉटर पेपरने (ओल्यात चालणाऱ्या पॉलिशपेपरने) घासा, मास्क लावा, घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम घरात करूच नका.

तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात. आपल्या भागातले वेत विणणारे, पॉलिशवाले, जुनं काम जाणणारे सुतार यांची माहिती पुरवणीत दर आठवड्याला थोडीथोडी छापा, त्यांना काम मिळेल आणि आम्हाला माणसं मिळतील. दुसरं, आयटीआयमधे सुतारकामाचा ट्रेड आहे, वर्कशॉप आहे, शिकवणारे आहेत, तर शनिवार-रविवारी फी घेऊन साध्या नागरिकांसाठी दुरुस्तीचा छोटा कोर्स का नाही काढत, यासाठी तुम्ही पाठपुरावा करा. आणि तिसरं, रिडेव्हलपमेंटला जाणाऱ्या सोसायट्यांसाठी पालिकेने प्रत्येक वॉर्डात एक शेड द्यावी, जिथे लाकडी सामान काही दिवस ठेवता येईल आणि ज्याला हवं तो नेईल. तोपर्यंत ज्यांची तारीख जवळ आलीय त्यांनी एवढं बघा की जुनी मोठी कपाटं बऱ्याचदा सुटी होतात. वरची पट्टी उचलून निघते, पाचर ठोकून काढली की बाजू वेगळ्या होतात, पलंगाच्या पाट्या आकड्यात अडकवलेल्या असतात. सुटं केलेलं कपाट भाड्याच्या घरात भिंतीला टेकवून दोन-तीन वर्षं सहज राहतं, फक्त जमिनीवर थेट ठेवू नका, खाली विटा किंवा पट्ट्या द्या.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)