टाचेमागची दोरी

पुणे, रविवार

प्रिय मन्या,

काल फोनवर म्हणालास, सकाळी पलंगावरून उतरलो की टाच दुखते, पहिली दहा पावलं भिंत धरून टाकतो. मला माझं मागचं वर्ष आठवलं. तू यवतेश्वरचा घाट आठवड्यातून तीनदा पळत चढायला लागलास, तेव्हाच मी बोलायला हवं होतं. चढावर प्रत्येक पावलाला टाच खाली दबते आणि सगळा ताण मागच्या टेंडनवर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या दोरीवर येतो.

तुला लेझरची दहा सिटिंग सांगितलीयत आणि तू विचारलंस, "यानं खरंच काही होतं का रे?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

होतं. 1967 साली बुडापेस्टच्या एंद्रे मेस्टर या डॉक्टरांनी उंदरांची पाठ भादरून तिच्यावर रुबी लेझरचा मंद झोत सोडला. त्यानं कॅन्सर होतो का, हे त्यांना बघायचं होतं. कॅन्सर झाला नाही, पण त्या उंदरांचे केस लवकर उगवले. या उपचाराची सुरुवात तिथली. ऑपरेशनच्या लेझरसारखं हे कापत-जाळत नाही. माझ्या टाचेला प्रोब, म्हणजे मशीनचं प्रकाश सोडणारं टोक, लावला तेव्हा मला ऊबसुद्धा जाणवली नाही. लाल किंवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कातडीतून आत जातो, पेशींमधली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा बनवणारी केंद्रं, तो शोषून घेतात आणि पेशी जोमानं कामाला लागते, असं मानतात. 2006 मध्ये नॉर्वेत दोन्ही टाचा दुखणाऱ्या सात जणांच्या टेंडनपाशी बारीक नळी घालून मोजलं, तर लेझरनंतर दाह वाढवणारं रसायन कमी झालेलं दिसलं.

पण डोस नीट हवा. कमी पडला तर उपयोग नाही, फार झाला तर परिणाम उलटा. तेव्हा लाजू नकोस, विचार: किती नॅनोमीटरचं मशीन (म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी), एका जागी किती ज्यूल (म्हणजे किती ऊर्जा), टेंडनवर किती जागी? 904 नॅनोमीटरच्या मशीनला 820 वाल्यापेक्षा कमी ज्यूल लागतात. ज्याला हे सांगता येत नाही, त्याच्याकडे पैसे भरू नकोस. आणि डोळ्यांवर गॉगल लावल्याशिवाय मशीन सुरू करू देऊ नकोस.

आता माझं ऐक. मी पहिल्यांदा जिथं गेलो तिथं फक्त लेझर दिलं, व्यायाम एकही नाही. दुखणं उतरलं, मी तळजाईवर पळालो आणि आठवड्यात पुन्हा लंगडायला लागलो. सहा आठवडे वाया गेले, त्याचा राग अजून आहे मला. दुसऱ्या फिजिओताईंनी पहिल्याच दिवशी पायरीवर उभं केलं. दोन्ही पायांनी चवड्यावर उठायचं, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच पायरीखाली सावकाश सोडायची. पंधराचे तीन सेट गुडघा ताठ ठेवून, तीन गुडघा वाकवून, सकाळ-संध्याकाळ. दिवसाला 180 वेळा, बारा आठवडे. स्वीडनच्या होकान आल्फ्रेडसन यांनी 1998 साली पंधरा जणांकडून हेच करून घेतलं आणि पंधराही जण पुन्हा पळायला लागले. थोडं दुखलं तरी थांबायचं नाही, हे त्यातलं सगळ्यात अवघड.

लेझर या व्यायामाच्या जोडीला घे. 2008 च्या एका अभ्यासात 52 हौशी खेळाडूंना व्यायाम दिला. निम्म्यांना खरं लेझर, निम्म्यांना नुसताच दिखावा. खऱ्या लेझरवाल्यांना चौथ्या आठवड्यात जो आराम पडला, तो बाकीच्यांना बाराव्या आठवड्यात. पण न्यूझीलंडमध्ये 2012 साली 40 जणांवर असंच करून पाहिलं, तर बारा आठवड्यांनी फरक दिसला नाही. म्हणून मी म्हणतो, लेझरनं दुखणं लवकर हलकं होत असेल तर जरूर घे, पण टेंडन भारानंच घट्ट होतं. पडून राहू नकोस, मन्या. आणि टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घे असं कुणी सुचवलं, तर आधी मला फोन कर. त्यानं टेंडन तुटायची भीती असते.

पुढच्या शनिवारी मी साताऱ्याला येतोय. तुमच्या जिन्याची खालची पायरी रुंद आहे, तिथंच सुरुवात करू. पहिले पंधरा मी मोजीन.

काकूंना सा. नमस्कार.

तुझा,
अव्या