गोळी बंद करण्याआधी

प्रिय मित्रा,

रात्री अडीचला आलेला तुझा निरोप सकाळी वाचला. 'ही तर कॅन्सरची गोळी आहे, मी बंद करतोय.' दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. म्हणून लिहितोय. मनानेच गोळी बंद करू नकोस. आधी डॉक्टरांशी बोल.

तुझी ही गोळी, मेथोट्रेक्सेट, कॅन्सरमध्ये देतात, हे खरं. पण तिथले डोस कितीतरी मोठे. आपल्या आमवातात ती थोड्या मिलिग्रॅममध्ये आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. अमेरिकेत या आजारासाठी तिला १९८८ मध्येच मान्यता मिळाली आहे. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, तुझे तर तीनच झालेत. जपायचं ते वेगळ्याच गोष्टीला. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली गेली, तर जिवावर बेतू शकतं. वार ठरव आणि पाकिटावर ठळक लिहून ठेव. रात्रभर वाचलंस त्यात हे कुठे सापडलं का? मला पहिल्या वर्षी सापडलं नव्हतं, कारण मी ते शोधतच नव्हतो. वाकड्या झालेल्या बोटांचे फोटो बघत बसायचो आणि स्वतःची बोटं त्यांच्याशी ताडून पाहायचो.

त्याच वर्षी केस गळायला लागले. कुठेतरी वाचून मी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या सुरू केल्या आणि डॉक्टरांना सांगितलं नाही. वाचलेलं बोलून दाखवलं तर त्यांना राग येईल, असं वाटायचं. पुढे थायरॉइडचा रिपोर्ट भलताच आला. आठवडाभर मी नव्या आजाराच्या धास्तीत होतो. शेवटी डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "आणखी काय घेताय?" बायोटिनमुळे थायरॉइडच्या काही तपासण्या चुकीच्या येतात. त्या गोळ्या थांबवून तपासणी पुन्हा केली, सगळं ठीक निघालं. तेव्हापासून वाचलेलं लपवत नाही. "मी असं वाचलंय, माझ्या बाबतीत ते लागू आहे का?" एवढं विचारतो. या प्रश्नाला आजवर कुणी रागावलेलं नाही.

'धोका दुप्पट' असं वाचलंस की थांब, आणि कितीचा दुप्पट ते शोध. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो असा इशारा दिला गेला. तो धोका ७,००० त एकीवरून दोघींवर गेला होता. पण घाबरून कितीतरी बायकांनी गोळ्या सोडल्या, नको असलेल्या गर्भधारणा वाढल्या, गर्भपात वाढले. तुझा निरोप वाचताना मला तेच आठवलं.

रिपोर्टमधल्या ठळक अक्षरांचंही तसंच. नॉर्मलची मर्यादा बहुधा अशी आखतात की धडधाकट माणसांतलेही शंभरातले पाच बाहेर पडतात. एक आकडा किंचित सरकला म्हणून रात्र जागवू नकोस. तीन-चार रिपोर्ट शेजारी ठेवून आकडा कुठे चाललाय ते बघ. यकृताची तपासणी मात्र चुकवू नकोस, ती या गोळीसाठीच सांगितलेली असते.

आपल्यासारख्या इतर रुग्णांशी जरूर बोल. सकाळी आखडलेल्या बोटांनी शर्टाची बटणं कशी लावायची, गोळीनंतरचा थकवा सुट्टीच्या दिवशी यावा म्हणून वार कोणता निवडायचा, हे मला त्यांनीच शिकवलं. (वार बदलायचा तर डॉक्टरांना विचारून.) फक्त एवढं लक्षात घे, ज्यांना औषध मानवलं ती माणसं कामाला लागतात, लिहीत बसत नाहीत. आपल्यापर्यंत पोहोचतात ते बहुतेक त्रास झालेल्यांचे अनुभव. ते खोटे नाहीत, पण सगळ्यांचे नाहीत.

आणि काही दिवस काहीच वाचू नकोस. मीही वाचत नाही. आजार जन्माचा आहे, सगळं याच महिन्यात समजून घ्यायची घाई नाही.

गुरुवारी तुझी तपासणी आहे ना? मी येतो. दवाखान्यात ऐकलेलं बाहेर येईपर्यंत निम्मं विसरतं, माझं तर नेहमीच. मी शेजारी बसून लिहून घेईन, तू फक्त विचार. ही गोळी मलाच का, कोणता त्रास झाला तर लगेच फोन करायचा, आणि या गोळीच्या जोडीला देतात ते फॉलिक अॅसिड हे जीवनसत्त्व कोणत्या दिवशी. निघण्याआधी त्यांनी सांगितलेलं आपल्या शब्दांत त्यांनाच परत सांगू, म्हणजे चुकलं असेल तर तिथेच कळेल.

आज फोन उचल.

तुझा,
अकरा वर्षांचा आमवाती मित्र