तपासणीला जाण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. सुरक्षा समितीवर नेमणूक, पहिलीच तपासणी रसायनशास्त्राच्या लॅबची, आणि तीही तुझ्याहून वरिष्ठ माणसाची! वाचून आधी हसू आलं, मग तुझी कीव आली. तू भौतिकीचा माणूस, लेझर आणि व्हॅक्यूम पंपांत रमणारा. बाटल्यांच्या त्या जंगलात काय बघायचं हे तुला कुणी धड सांगितलेलं नसणार. हातात चेकलिस्ट दिली असेल आणि 'या बघून' म्हटलं असेल.

चेकलिस्टला माझा विरोध नाही. माणूस विसरतो, कागद विसरत नाही. पण तिला फक्त 'आहे' आणि 'नाही' एवढंच कळतं. आयवॉश (डोळे धुवायचा फवारा) आहे? आहे. फ्यूम हूड (घातक वाफ ओढून घेणारं कपाट) आहे? आहे. अग्निशामक आहे? आहे. तासाभरात सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा होतात आणि लॅब होती तशीच राहते. तू विचारलंस, 'नेमकं बघू काय?' तर प्रत्येक वस्तूपाशी उभा राहून एवढंच विचार, की आत्ता या क्षणी गरज पडली तर ही कामाला येईल का?

आयवॉशपासूनच सुरुवात कर. नुसता बघू नकोस, चालवून बघ. पहिलं पाणी तांबूस आलं तर समजून जा, की महिनोन्‌महिने कुणी हात लावलेला नाही. पाइपात साचलेल्या पाण्यात गंज असतो, जंतूही वाढतात, म्हणून तर आठवड्यातून एकदा तो सुरू करून पाणी वाहून जाऊ द्यायचं असतं. आयवॉशसाठी झेड-३५८.१ हे अमेरिकी मानक पुष्कळ ठिकाणी प्रमाण मानतात. त्यानुसार धोक्याच्या जागेपासून 10 सेकंदांत तिथे पोचता आलं पाहिजे आणि सलग 15 मिनिटं पाणी मिळालं पाहिजे. पाणी कोमट, म्हणजे 16 ते 38 अंश सेल्सियसच्या दरम्यान हवं. ही कोमट पाण्याची अट लोकांना चोचले वाटते. गार पाण्याच्या धारेखाली पंधरा मिनिटं डोळे उघडे ठेवून बघ म्हणावं. मग एक गंमत कर. लॅबमधल्या एखाद्या पोराला डोळे मिटून त्याच्या टेबलापासून आयवॉशपर्यंत चालायला सांग, आणि तू शेजारी राहा. वाटेत स्टूल येतं, खोके येतात, कधी आयवॉशच्या टबातच काचेची भांडी वाळत ठेवलेली सापडतात. तुझ्या चेकलिस्टवर मात्र तो 'आहे'.

आता फ्यूम हूड. इथे तुला खरी मजा येईल, कारण हा सगळा तुझ्याच विषयाचा मामला. हूडच्या तोंडाशी हवा सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगाने आत जायला हवी. बहुतेकांना वाटतं, वेग जितका जास्त तितकं बरं. तसं नाही. वेग फार वाढला की हूडसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगापुढे भोवरे तयार होतात आणि आतली वाफ थेट त्याच्या नाकाकडे येते. आणि मागून कुणी झपाझप चालत गेलं तर त्याच्या चालण्याचा वेगच सेकंदाला मीटरभराहून जास्त असतो, म्हणजे हूडच्या हवेच्या दुपटीहून अधिक. त्यामुळे हूड दाराशेजारी किंवा ये-जा असलेल्या वाटेवर असेल, तर तेवढीही गोष्ट अहवालात यायला हवी.

हूडवर एक स्टिकर दिसेल. तपासणीची तारीख आणि मोजलेला वेग त्यावर लिहिलेला असतो. त्यावर लगेच विश्वास टाकू नकोस. पुष्कळदा ते मोजमाप हूड रिकामा असताना घेतलेलं असतं. आज त्यात बघ, पंधरा-वीस बाटल्या, एक हॉटप्लेट, मागच्या भिंतीला टेकवलेला खोका. हवा ज्या मागच्या फटींतून वर जाते, त्या फटीच झाकल्या गेल्या आहेत. टिश्यू पेपरची एक बारीक पट्टी घे आणि सॅशच्या, म्हणजे हूडच्या तोंडावरच्या वर-खाली सरकणाऱ्या काचेच्या, कडेला ठिकठिकाणी धरून बघ. कुठे आत ओढली जाते, कुठे नुसती लोंबकळते आणि कुठे चक्क बाहेर फडफडते, ते लिहून घे. हे काही अधिकृत मोजमाप नव्हे, पण लॅबवाल्यांना ते समोर दिसतं आणि वाद संपतो. सॅश किती वर आहे हेही बघ. काम नसताना ती खाली असायला हवी, आणि काम करताना भांडी काठापासून निदान 15 सेंटिमीटर आत. कपाटं कमी पडतात म्हणून हूडची कोठी झालेली असते. त्यामुळे 'बाटल्या काढा' एवढं लिहून भागत नाही. त्या कुठे ठेवायच्या हेही विचारावं लागतं.

बाटल्यांचंच बोलू. लेबल नसलेली किंवा 'ए-२, मोठा नमुना' असं काहीतरी लिहिलेली बाटली दिसली की विचार, ही कुणाची? उत्तर ऐकण्यासारखं असतं. 'सर, ते दोन वर्षांपूर्वी पीएचडी करून गेले.' अशा बेवारशी बाटल्या प्रत्येक लॅबमध्ये असतात, आणि त्या फेकायला सगळे घाबरतात, कारण आत काय आहे कुणालाच माहीत नसतं.

त्यातही इथरवर खास लक्ष ठेव. डायइथाइल इथर, टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) आणि सगळ्यांत खोडकर ते आयसोप्रोपिल इथर. हवा आणि उजेड मिळाला की यांच्यात हळूहळू पेरॉक्साइड तयार होतात आणि धक्क्याने, घासल्याने किंवा तापवल्याने त्यांचा स्फोट होऊ शकतो. म्हणून बाटली आली कधी आणि उघडली कधी, या दोन्ही तारखा बाटलीवरच हव्यात. रजिस्टरात असून उपयोग नाही. एखाद्या जुन्या बाटलीच्या झाकणाभोवती स्फटिक दिसले, किंवा पिक्रिक ॲसिड (सुकलं की तेही स्फोटकच) सुकून पिवळी पूड झालेलं दिसलं, तर तिथे तुझं कुतूहल आवर. झाकण उघडून बघू नकोस, बाटली हलवूही नकोस. लोकांना बाजूला कर आणि जाणकाराला बोलाव. तपासणी तिथल्या तिथे थांबली तरी चालेल.

फ्रीज उघडायला विसरू नकोस. घरगुती फ्रीजमध्ये सॉल्व्हेंट, म्हणजे इथरसारखं द्रावक, ठेवलेलं सापडतंच. थंड आहे म्हणजे सुरक्षित, असा भाबडा समज. डायइथाइल इथरचा ज्वलनबिंदू, म्हणजे ठिणगीने पेटण्याइतकी वाफ ज्या तापमानाला निघू लागते तो, उणे 45 अंश सेल्सियस आहे. फ्रीजमधल्या चार अंशांवर त्याची वाफ सहज पेट घेण्याजोगी असते. आणि त्या बंद पेटीत ठिणगी द्यायला थर्मोस्टॅट आणि दिव्याचा स्विच बसलेलेच आहेत. त्यासाठी आत ठिणगी न पडणारे वेगळे फ्रीज मिळतात. त्याच फ्रीजमध्ये कुणाचा डबा निघाला तर त्यावर एक शब्दही बोलू नकोस, नुसता डबा बाहेर काढून टेबलावर ठेव.

कपाटात बाटल्या एबीसीडीच्या क्रमाने लावलेल्या असतील तर कौतुक करण्याआधी जवळ जाऊन बघ. त्या क्रमात ॲसिटिक ॲसिड आणि अमोनियम नायट्रेट गुण्यागोविंदाने शेजारी नांदतात, म्हणजे जळणारं आणि जाळायला मदत करणारं एकाच फळीवर. टाकाऊ द्रवांच्या कॅनची तऱ्हा त्याहून वाईट. नायट्रिक ॲसिड आणि सेंद्रिय सॉल्व्हेंट एकाच कॅनमध्ये पडले आणि झाकण घट्ट लावलं, की वायू साठत जातो आणि काही तासांनी, सगळे गेल्यावर, कॅन फुटतो. कॅनवर काय काय ओतलं त्याची यादी हवी आणि ती त्याच दिवशी लिहिलेली हवी. बेसिनमध्ये काय ओततात हेही विचार. सोडियम अझाइड तांब्याच्या किंवा शिशाच्या पाइपातून गेलं तर स्फोटक अझाइड तयार होतात आणि एके दिवशी प्लंबर पान्हा घेऊन येतो.

सिलिंडरला साखळी, वापरात नसताना टोपी, वायरींवर वायरी जोडलेले एक्स्टेन्शन बोर्ड, दारासमोरची अडगळ, हे तुला कुणी सांगायला नको. द्रव नायट्रोजनबद्दल मात्र एक टोचून बोलतो. एका लिटरचा सुमारे 700 लिटर वायू होतो आणि तो खोलीतला ऑक्सिजन बाहेर ढकलतो, हे तू वर्गात शिकवतोस. तुझ्या स्वतःच्या लॅबच्या त्या कोंदट खोलीत ऑक्सिजन मोजणारं यंत्र आहे का? ऑक्सिजन साडेएकोणीस टक्क्यांखाली गेला की ते ओरडायला हवं. रोजचं असतं ते डोळ्यांना दिसेनासं होतं, म्हणून तर तुला दुसऱ्याच्या लॅबमध्ये पाठवतात.

माणसांशी बोल. तिथल्या प्रमुखांशी नव्हे, सगळ्यांत नव्या मुलाशी किंवा लॅब अटेंडंटशी. प्रमुख सोबत असले तर त्यांना कागद दाखवायला कुणाच्या तरी हवाली कर. मग सहज विचार, 'हे सांडलं तर पहिलं काय करशील?' आणि गप्प राहा. हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरत असतील तर त्याने भाजल्यावर लावायची कॅल्शियम ग्लुकोनेट जेल कुठे आहे ते विचार, आणि दाखवली की तिची एक्सपायरी वाच. ग्लोव्हज घातलेत म्हटलं की थांबू नकोस, कसले ग्लोव्हज ते विचार. कॅरेन वेटरहान या डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापिका. ऑगस्ट 1996 मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब त्यांच्या हातावर पडले. त्यांनी हूडमध्येच काम केलं होतं, हातमोजेही घातले होते. जून 1997 मध्ये पाऱ्याच्या विषबाधेने त्या गेल्या. ते हातमोजे लॅटेक्सचे होते, आणि नंतरच्या चाचण्यांत दिसलं की हा पदार्थ त्यातून पंधरा सेकंदांच्या आत पार होतो. चेकलिस्टच्या हिशेबाने त्या दिवशी सगळं 'आहे' होतं.

आता तुझा दुसरा प्रश्न: सांगून जाऊ की न सांगता? पहिल्यांदा सांगून जा. आवरलेली लॅबही पुष्कळ बोलते. आठवडाभरात त्यांना काय दुरुस्त करता आलं आणि काय नाही हे दिसतं, आणि लपवलेला पसारा हमखास शेजारच्या खोलीत सापडतो. दुसऱ्यांदा मात्र न सांगता जा, तेही संध्याकाळी उशिरा. एकटा कोण काम करतोय ते तेव्हाच कळतं.

ही दुसरी फेरी मी हट्टाने सांगतोय, त्याला कारण आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 29 डिसेंबर 2008 रोजी शेरी सांगजी ही 23 वर्षांची संशोधन सहायक सिरिंजने टर्शरी-ब्युटिललिथियम काढत होती. हवा लागताच पेटणारा पदार्थ. सिरिंजचा दट्ट्या निसटला, अंगावरचा कृत्रिम धाग्याचा स्वेटर पेटला, ॲप्रन नव्हता. 16 जानेवारीला ती गेली. आणि ही लॅब कुणी तपासलीच नव्हती असं नाही. दोनच महिन्यांपूर्वी तिथे तपासणी झाली होती, आणि लोक ॲप्रन घालत नाहीत ही त्रुटी अहवालात लिहिलेलीही होती. ज्याने ती लिहिली त्याने आपलं काम चोख केलं, असं कुणीही म्हणेल. मला ते पटत नाही. लिहिलेली त्रुटी कुणी, कधीपर्यंत दूर करायची हे ठरलं नाही आणि त्या तारखेला कुणी परत गेलं नाही, तर त्या कागदाचा उपयोग फक्त चौकशी समितीला.

म्हणून अहवाल लिहिताना साठ मुद्द्यांची जंत्री करू नकोस. फुटलेला बल्ब आणि सुकलेलं पिक्रिक ॲसिड एकाच यादीत आले की दोन्ही बल्बच्या किमतीचे होतात. आज काम थांबवण्याजोगं काय ते वेगळं, ठळक, आणि त्याच दिवशी तोंडी सांगून टाक. 'यापुढे दक्षता घ्यावी' हे वाक्य तुझ्या अहवालात दिसलं तर मी तुझ्याशी बोलणार नाही. जागा नेमकी लिही: 'खिडकीजवळचा हूड, मागची फट निम्मी झाकलेली.' माणसाचं नाव नको.

वरिष्ठांची भीती वाटते म्हणालास. एक लक्षात घे, सापडलेल्या अर्ध्याअधिक गोष्टी त्यांच्या हातातल्याच नसतात. हूडचा पंखा इमारतीच्या देखभाल विभागाचा, आयवॉशचं पाणी प्लंबिंगवाल्यांचं, कपाटांचे पैसे प्रशासनाकडे अडकलेले. त्यांनी कदाचित तीनतीनदा पत्रं लिहिली असतील. ती मागून घे आणि अहवालाला जोड, आणि त्या कामांसमोर त्या-त्या विभागाचं नाव टाक. मग बघ, तेच तुला हाताला धरून उरलेले कोपरे दाखवतील. तरीही एखादा रागावलाच तर रागावू दे.

मसुदा झाला की सही करण्याआधी मला पाठव, विशेषतः तारखांचा रकाना. आणि जाताना पूर्ण बंद बूट आणि गॉगल घालून जा. तुझे ते सँडल मला माहीत आहेत. दारातच कुणी अडवलं तर त्याचं चुकणार नाही.

तुझा,
जुना मित्र