निळ्या टोपीतल्या आजींना आणि इतरांना

या शहरात येऊन तीन आठवडे झाले. बाहेर उणे 18, दुपारी चारलाच अंधार. नावंही माहीत नसलेल्या काही जणांचे आभार मानायचे राहिलेत.

पहिल्याच सकाळी बसथांब्यापाशी मी सपशेल आडवी झाले. रस्ता नुसता ओला वाटत होता. निघाला बर्फाचा पारदर्शक थर, खालचं डांबर दिसू देणारा. निळ्या टोपीतल्या आजींनी हात दिला आणि चालूनच दाखवलं: गुडघे किंचित वाकलेले, पावलं छोटी, तळवा सपाट, हात खिशाबाहेर. थेट बदक! एकमेकींची भाषा शून्य, पण हसलो मात्र पोटभर.

फोन 40 टक्क्यांवर असताना गपकन बंद पडला (थंडीत बॅटरी अशीच मान टाकते), तेव्हा स्वतःचा नकाशा उघडून मला दारापर्यंत सोडणारा तो मुलगा. आणि माझे सुती मोजे बघून ‘हे घाम धरून ठेवतात, लोकरीचे घे’ असं दटावणारी शेजारीण. ऐकलं, म्हणून बोटं शाबूत आहेत.

इथली माणसं रुक्ष, असं ऐकून आले होते. तोंडं मफलरमध्ये असतात, एवढंच.

आजी, तुमचा डावा हातमोजा माझ्याकडे राहिलाय. रोज आठच्या बसला घेऊन येते.