दारव्ह्याच्या ताईंना, मेमरीच्या खिडकीबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

फोनवर दोन शब्दांत आभार मानून मोकळं होता आलं असतं, पण मुद्दामच सगळ्यांसमोर लिहितोय. आमच्या डीबगरच्या (चिपमधला प्रोग्राम थांबवून आत डोकावायचं साधन) मेमरी आणि डिसअसेंब्लीच्या (चिपच्या सूचना वाचता येतील अशा दाखवणाऱ्या) खिडक्या लोकांना आवडल्या की शाबासकी मला मिळते. त्यातलं निम्मं तरी दारव्ह्याला तुमच्या वर्कशॉपात, मोटरपंपाच्या मोबाईल स्टार्टरचा बोर्ड मध्ये ठेवून ठरलेलं आहे. वापरणाऱ्यांना हे माहीत असायला हवं.

मी मेमरीची खिडकी कागदावर आखून आणली होती: सोळा-सोळा बाइटच्या ओळी, उजवीकडे अक्षरं, नेहमीचाच थाट. तुम्ही बोट ठेवून विचारलंत, "हा झिरो खराच झिरो होय, का वाचताच नाही आलं?" आणि लगेच, "नसंल वाचता आलं तर कोरं राहू द्या न." आज वाचता न येणाऱ्या जागी दोन प्रश्नचिन्हं दिसतात, अजून न मागवलेल्या जागी ठिपके, आणि प्रोग्राम पुन्हा सुरू झाला की आधीचे आकडे फिकट पडतात. पुसलेली फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) एफएफ, म्हणजे सगळे बिट एक, अशी वाचली जाते, म्हणून एफएफलाही रिकामं समजून झाकलेलं नाही. बदललेला बाइट रंगासोबत अधोरेखितही होतो. तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी लॅपटॉपवर लाल काय अन् काळा काय, सारखाच!

सगळ्यात मोठं देणं मात्र मोडेमच्या अक्षरांचं. शेतकरी एसएमएस करतो, जीएसएम मोडेम सिरियलवरून अक्षरं पाठवतो आणि बोर्डावरची एसटीएम३२एफ१०३ ही चिप ती उचलते. आधीच्या एका टूलवर मेमरीची खिडकी उघडी असली की अक्षरं हरवायची, मिटली की बरोबर यायची. सगळे तुम्हाला सोल्डर तपासा म्हणत होते. तुम्ही सोल्डर सोडून पत्ता तपासलात: हेक्स ४०००४४०४, यूजार्ट दोनचं, म्हणजे चिपच्या दुसऱ्या सिरियल पोर्टचं, डेटा रजिस्टर (आलेलं अक्षर ठेवायचा कप्पा). ते वाचलं की 'अक्षर आलंय' हे सांगणारा फ्लॅग (खुणेचा बिट) आपोआप उतरतो, मग वाचणारा प्रोग्राम असो की डीबगर. कोर (प्रोग्राम चालवणारा चिपचा गाभा) थांबलेला असला तरी सिरियलचं हार्डवेअर अक्षर घेतच असतं. खिडकी ताजी होताना डीबगरनं ते उचललं की प्रोग्राम वाट बघत बसतो. म्हणून हेक्स ४००००००० पासूनचा पेरिफेरलचा (सिरियलसारख्या जोडहार्डवेअरचा) पट्टा आमची खिडकी आपणहून वाचत नाही. बटण दाबावं लागतं, आणि वाचल्यानं ज्यांच्यात बदल होतो ती रजिस्टरं तेव्हाही वगळलेलीच राहतात. चिपच्या रजिस्टरांचं वर्णन देणाऱ्या एसव्हीडी फायलीत ही माहिती लिहायची सोय आहे, पण ती भरलेली असेलच याची खात्री नसते. तुम्ही तुमच्या चिपपुरती यादी रेफरन्स मॅन्युअल बघून हातानं करून दिलीत. ती तशीच्या तशी आत आहे.

डिसअसेंब्लीत मला वरच्या दिशेनं स्क्रोल करणंच अवघड जात होतं. थंब-२ मध्ये, म्हणजे या चिपच्या सूचनांच्या भाषेत, सूचना कधी दोन बाइटची, कधी चार. दोन बाइट मागे सरकलं आणि चार बाइटच्या सूचनेच्या पोटात पडलं, की पडद्यावर भलतंच काहीतरी. तुमचं म्हणणं साधं होतं: मागे सरकूच नका, फंक्शनच्या सुरुवातीला जा आणि तिथून पुढे या. फंक्शनच्या शेवटी ठेवलेले स्थिरांक सूचना म्हणून दिसू नयेत यासाठी ईएलएफ फायलीतली (खुणांसह असलेली प्रोग्रामची फाईल) डॉलर-टी (इथून सूचना) आणि डॉलर-डी (इथून डेटा) ही चिन्हं वापरली. नुसती बायनरी, म्हणजे खुणांशिवायची फाईल, असेल, तर त्या ओळींवर सरळ 'अंदाज' असं लिहून येतं.

हार्डफॉल्टच्या, म्हणजे प्रोग्राम गंभीर चुकीनं अडकण्याच्या, वेळी स्टॅकवर (प्रोग्रामच्या तात्पुरत्या नोंदींची मेमरी) चार-चार बाइटचे आठ शब्द ढकलले जातात: आर०, आर१, आर२, आर३, आर१२, एलआर, पीसी, एक्सपीएसआर. तुम्ही दर वेळी सातवा, म्हणजे प्रोग्राम कुठे अडला तो पत्ता, मोजून पेन्सिलीनं गोल करायच्या. आता नावंच शेजारी येतात. स्टॅकमधल्या ०८००१२३५ अशा विषम पत्त्यावर डबल-क्लिक केलं की शेवटचा बिट (तो फक्त 'ही थंब सूचना' एवढीच खूण) सोडून ०८००१२३४ ची सूचना उघडते. हेही तुमचंच.

आणि ती लाल पट्टी. शेतीची थ्री फेज कधी रात्रीच येते, मग खऱ्या पंपावर चाचणीही रात्रीच. ब्रेकपॉइंटवर (प्रोग्राम थांबवायला नेमलेल्या जागी) कोर थांबला की ड्राय-रनचं (पाण्याविना पंप चालण्यापासूनचं) संरक्षणही थांबतं, कॉन्टॅक्टर (मोटरीची वीज जोडणारा स्विच) मात्र ओढलेलाच राहतो, आणि विहीर आटली असेल तर मोटर जळते. तुम्ही म्हणून आधी मोटरीऐवजी बल्ब लावता. पण सगळेच लावत नाहीत, तेव्हा 'कोर थांबला आहे, आउटपुट तसेच आहेत' ही पट्टी खिडकीच्या माथ्यावर आहे आणि ती बंद करायची सोय मी ठेवलेली नाही. तक्रारी येतात. येऊ देत.

एका गोष्टीवर मात्र आपलं अजून जमत नाही. स्टॅक लहान पत्त्यांकडे वाढतो, म्हणून तुम्हाला मोठा पत्ता वर हवा. मला सगळ्या खिडक्यांत लहान पत्ताच वर हवा. पुढच्या आवृत्तीत उलटवायचं बटण देतोय, पण सुरुवातीची मांडणी माझीच राहणार, रागावू नका. पोळ्यानंतर यवतमाळला येणं आहे, तेव्हा पेनड्राइव्हवर घेऊन दारव्ह्याला येतो. बल्बवाला बोर्ड तेवढा जोडून ठेवा.

आपला,
आर्वीकडचा डीबगरवाला