कुत्र्याचे नाव छापलेत, शिपायांचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूट गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडलेल्या इंग्रजांच्या पुणे डिव्हिजनवरचा, रविवारच्या पुरवणीतला पानभर लेख वाचला. काल लिहिणार होतो, पण काल लिहिले असते तर तुम्हाला छापता आले नसते.

लेखकाने तिचा सेनापती जनरल टाऊनशेंड याच्या हुशारीचे भरपूर गोडवे गायले आहेत. त्याचा कुत्रा स्पॉट तुर्कांनी सौजन्याने बसऱ्याला पाठवला, तिथून तो सुखरूप विलायतेला पोचला, हेही नावानिशी दिले आहे. छान! कुत्र्याचे कुशल कळले. त्याच वेढ्यात १०३ वी (आजची जंगी पलटण), ११० वी आणि ११७ वी अशा मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. त्यांच्या वाट्याला 'शिपायांचेही अतोनात हाल झाले' एवढे एक वाक्य. कूटचा वेढा १४७ दिवस चालला. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाल्यावर टाऊनशेंडसाहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले, कैदेतच 'सर' झाले. शिपायांना मात्र वाळवंटातून पायी हाकलले आणि कित्येकांना रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला जुंपले. हे लिहायला जागा पुरली नसेल. स्पॉटला पुरली!

माझ्या आजोबांचे चुलते ११० व्या पलटणीत होते. ते कूटमध्येच गेले की पुढे कैदेत, हे घरात कुणालाच कधी कळले नाही. आजी सांगायची, त्यांची बायको मरेपर्यंत कुंकू लावत होती आणि त्यावरून भावकीत बोलणी खात होती. तिथी ठाऊक नाही म्हणून आम्ही अजून सर्वपित्रीलाच त्यांचे पान वाढतो. तिथल्या युद्धात मेलेल्यांच्या बसऱ्याच्या स्मारकावरही गोऱ्यांची नावे कोरली आहेत. आपल्याकडच्या अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा. इंग्रजांनी तेव्हा केले ते केले, मराठी वर्तमानपत्राने आज तेच करावे?

आणि 'दोन महायुद्धांची विजयगाथा' हे शीर्षक कुणाचे? पुणे डिव्हिजन, म्हणजे तेव्हाची सहावी, कूटमध्ये संपली. १९४१ साली सिकंदराबादेत उभी केलेली सहावी डिव्हिजन वेगळी, आणि तिचा काळ मुख्यतः इराक-इराणात बंदोबस्तावर गेला. दुसऱ्या महायुद्धातला नामदेव जाधवांचा व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचे सर्वोच्च शौर्यपदक, हेही तुम्ही तिच्याच खात्यात जमा केलेत. जाधव आठव्या डिव्हिजनमध्ये होते, इटलीत सेनिओ नदीवर. फोटोत तर कूटचे म्हणून रणगाड्यावर बसलेले शिपाई दाखवले आहेत. रणगाडा युद्धात पहिल्यांदा उतरला तो सप्टेंबर १९१६ मध्ये, तोही फ्रान्सात. पण फोटो झकास आहे, त्याबद्दल अभिनंदन.

जाता जाता, वाचकांच्या पत्रांना दीडशे शब्दांची मर्यादा आणि राशिभविष्याला अर्धे पान, हे गणित एकदा समजावून सांगाल का? हे पत्र मर्यादेबाहेर गेले आहे, कल्पना आहे. कापायचेच असेल तर अभिनंदन कापा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सातारा