गोगलगायीचा रंग कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला फिनलंडमधल्या बालशिक्षणावरचा लेख वाचला. काय खेळायचं, किती वेळ खेळायचं हे मुलाने ठरवावं, मोठ्यांनी शेजारी बसून बघावं. अगदी मान्य. फक्त त्याच पानाच्या तळाशी 'अडीचाव्या वर्षी वाचन, साडेतीनाव्या वर्षी शंभरपर्यंत अंक' अशी रंगीत जाहिरात होती, आणि ती लेखापेक्षा चांगली दोन बोटं उंच होती. लेख आधी वाचून मग खालची जागा विकली असेल, तर आपल्या जाहिरात विभागाला दाद द्यायला हवी.

पण पत्र लिहायला बसलो ते जाहिरातीपायी नाही. 'आपल्याकडेही आता अनेक शाळा मुलांच्या कलाने चालतात' हे लेखातलं वाक्य सोमवारी सकाळपर्यंत डोक्यातून जाईना.

माझी नात ज्युनिअर केजीत आहे. शाळेच्या पत्रकावर 'खेळातून शिक्षण' ठळक अक्षरांत आहे आणि वेळापत्रकात 'मुक्त खेळ' आहे, १०.२० ते १०.४०. वीस मिनिटं मुक्त, मग घंटा. टर्मची फी ३२,००० रुपये. तिला मात्र मुक्ती नाही.

गेल्या आठवड्यात तिला सोडायला गेलो. रात्रभर पाऊस झाला होता. फाटकाजवळच्या भिंतीवर एक गोगलगाय निघाली होती आणि सात-आठ पोरं उकिडवी बसून तिच्याकडे बघत होती. शाळेतल्या मावशीही त्यांच्यात बसलेल्या. एकाने बोट लावलं तशी शिंगं आत गेली. सगळे गप्प. पुन्हा हळूच बाहेर आली, तर केवढा कल्ला! एक म्हणाला, तिला मीठ घालतात. मावशी म्हणाल्या, "नको रे बाळा, विरघळून जाते ती." त्यावर माझी नात : "मग ती समुद्रात जात नाही?" मी बासष्टाव्या वर्षापर्यंत हा प्रश्न कधी स्वतःला विचारला नव्हता. मावशीही विचारात पडल्या. "बघायला पायजे," म्हणाल्या.

तेवढ्यात टीचर आल्या. "चला, चला, लाइन करा, ॲक्टिव्हिटी टाइम!" पोरं उठेनात, तर दोघांना दंडाला धरून उठवलं. मावशींनाही दोन शब्द ऐकावे लागले.

आणि ॲक्टिव्हिटी काय होती? वर्कशीट. 'पावसाळ्यातले प्राणी'. त्यात गोगलगाय! छापील, रेषेच्या आत रंगवायची. नातीने शंखाला जांभळा आणि हिरवा दिला. दुपारी कागद घरी आला तेव्हा त्यावर लाल पेनने लिहिलेलं होतं : 'ब्राऊन'. डायरीत आणखी एक ओळ, सूचना पाळत नाही, घरी सराव घ्यावा. आता सराव कशाचा घ्यायचा, तपकिरीचा?

दुसऱ्या दिवशी मी टीचरना विचारलं. भांडायला नव्हतो गेलो (सूनबाईंनी तशी सक्त ताकीद दिली होती). त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "आजोबा, मला कळत नाही का? पण बारा वाजेपर्यंत ग्रुपवर फोटो टाकावे लागतात. वर्कशीटचा फोटो नसला की पालकांचे मेसेज येतात, आज काय घेतलं म्हणून." घरी येऊन सूनबाईंचा फोन बघितला. विचारणाऱ्यांत आमचे चिरंजीव दोनदा. माझा तरी हात कुठे कोरा आहे? नात घरी आली की चपला काढायच्या आत मीच विचारतो, "आज काय शिकलीस?" ती म्हणते, "काही नाही." बरोबरच म्हणते.

लेखिकाबाईंना एवढंच सांगायचंय की वेळापत्रकात खेळाचा तास घातला म्हणजे शाळा मुलांच्या कलाने चालत नाही. मोठ्या माणसाने हाताची घडी घालून गप्प बसायचं असतं, आणि ते आपल्याला जमत नाही. शाळेलाही नाही, आई-बापांनाही नाही, मलाही नाही.

आणि त्यासाठी एकदम फिनलंड? आपल्याकडच्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या, १९४५ साली त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र काढलं, १९५७ साली ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं गावात परवडणारी नव्हती, तर बाईंनी बिया, शंखशिंपले, खडे, पानं जमवली. वारल्यांची पोरं गुरांमागे रानात जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असं दिसल्यावर ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ शाळाच कुरणात घेऊन गेल्या. कुरणशाळा! मुलांच्या कलाने म्हणतात ते हे. आज देशभर चालणारी 'अंगणवाडी' ही कल्पनाही ताराबाईंचीच. नोकरीत डहाणूला होतो तेव्हा ती टेकडी पायी चढलो आहे, म्हणून थोडं जास्त लागलं असेल. आपल्या लेखात मात्र हेलसिंकी चार वेळा आणि कोसबाड एकदाही नाही. डहाणूला लोकल जाते हो, व्हिसा लागत नाही.

जाता जाता, आपल्या बालपानाबद्दल. पूर्वी ते अख्खं पान असायचं, आता पाव राहिलंय, ते असो. पण कोड्याचं उत्तर पूर्वी उलटं छापत, कागद फिरवून वाचावं लागे. हल्ली ते सरळ अक्षरांत कोड्याच्या बरोबर खाली असतं. नात अजून वाचत नाही म्हणून तिचं काही बिघडत नाही. माझं बिघडतं.

ती गोगलगाय दुसऱ्या दिवशी नव्हती. फाटकाजवळची भिंत धुऊन चुना मारलेला दिसला, कारण शनिवारी ओपन हाऊस होतं. समुद्राच्या प्रश्नाचं उत्तर नात अजून मागते आहे. मावशींनी म्हणे त्यांच्या अलिबागच्या भावाला फोन करून विचारलंय.

कळावे,
आपला,
एक जुना वर्गणीदार, डोंबिवली (पूर्व)

ता. क. : नाव-पत्ता सोबत दिला आहे, पण कृपया छापू नये. पुढच्या टर्मची फी भरून झाली आहे.